सुजाताची केळ निसवली तेव्हा

सुजाता,

तुझी ग्रीनहाऊसमधली कोपऱ्यातली केळ निसवली, हे तुला कळलं होतं का? दवाखान्यात आत सोडत नव्हते. दारावरच्या माणसाशी भांडून मी घुसले आणि तुझ्या कानाशी वाकून सांगितलं, "सुजाता, निसवली गं. घड बाहेर आलाय." तू मान हलवलीस. नर्स म्हणाली, "मॅडम, पेशंट अशी मान हलवतात, त्याचा अर्थ लावू नका." मी तिला काय बोलले ते इथं लिहीत नाही. बिचारी चांगली मुलगी होती. पण मी अर्थ लावला, अजून लावतेच आहे, आणि रोज तो वेगळाच लागतो.

त्यानंतर तू डोळे उघडले नाहीस.

पेपरात तुझ्यावर चार ओळी आल्या. वनस्पतिशास्त्राच्या ज्येष्ठ प्राध्यापिका, विद्यार्थिप्रिय, मनमिळाऊ. मनमिळाऊ! मी धुळ्याहून असोद्याला नानाला फोन लावून ते वाचून दाखवलं. माझा भाऊ तुला ओळखतो ना, तो आधी खो खो हसला आणि मग बराच वेळ नुसता नाक ओढत राहिला. "ठेव आता," म्हणाला. तुझ्यात काय काय होतं गं, हट्ट होता, तोंड होतं, माया होती, एकदा डोक्यात घेतलं की ते सोडायचं नाही हा आजार होता. मनमिळाऊपणा तेवढा देवानं वाटताना तू रांगेत नव्हतीस. आणि बरंच झालं. मनमिळाऊ बाईशी मी एवढी वर्षं मैत्री कशी केली असती?

आपण एमएस्सीला एका बाकावर बसायला लागलो तेव्हाच तू मला तुझ्या वडिलांचं सांगितलं होतंस. भुसावळला रेल्वेत खलाशी होते. ताप आला की कॉलनीबाहेरच्या एका डॉक्टरकडे जायचे, आणि तो डॉक्टर दिवसभर एकच सुई पाण्यात उकळून सगळ्यांना टोचायचा. ताप उतरायचा. पण त्या सुईतून कावीळ आली, ती यकृतात बसली, आणि वडील तुझ्या दहावीच्या वर्षी गेले. तू हे सांगताना रडली नव्हतीस. म्हणाली होतीस, "विजू, माणसानं बरं व्हायला हात पुढं केला आणि त्याच हातातून मरण आत गेलं." मग डबा उघडून मला ठेचा दिलास. मला तेव्हा तुझी थोडी भीतीच वाटली होती.

त्यामुळे पुढं तू जे काढलंस त्याचं मला आश्चर्य वाटलं नाही. काविळीची लस, पण सुईशिवाय. केळ्यातून. त्या विषाणूच्या अंगावर एक प्रथिन असतं, ते बनवायची सूचना केळीच्या पेशीत घालायची, त्या पेशीपासून बाटलीत रोप वाढवायचं, रोपाला घड आला की ते प्रथिन त्या फळात उतरायला हवं. लेकरानं केळं खायचं, आणि शरीरानं शत्रूची ओळख करून घ्यायची. ऐकायला काय गोड! जगात ज्यांनी ज्यांनी हे स्वप्न पाहिलं त्यांतल्या बहुतेकांनी ते केव्हाच गुंडाळून ठेवलं होतं. तू मात्र जळगावात, एका साध्या कॉलेजच्या मागच्या ग्रीनहाऊसमध्ये, ते धरून बसलीस.

मी तंबाखूवाली. तंबाखूची एक रानटी जात, हातभर उंचीची, नाजूक. तिच्या पानांत ती सूचना सोडायची, थोड्याच दिवसांत पानं कापायची, वाटायची, प्रथिन गाळून शुद्ध करायचं. लस झाडात बनते, पण बाहेर येते ती बाटलीतून, मोजूनमापून. मी तुला कितीदा म्हटलं असेल, "अगं, एकाच फणीतलं वरचं केळं आणि खालचं केळं सारखं नसतं. डोस किती गेला, कोण सांगणार? आणि रोज तोंडावाटे गेलं तर शरीर त्याला अन्न समजेल, शत्रू समजणारच नाही." तू ऐकून घ्यायचीस, चष्मा पुसायचीस आणि शांतपणे विचारायचीस, "तुझ्या तंबाखूला शेवटी सुई लागतेच ना?" झालं. तिथं माझं तोंड बंद व्हायचं आणि तू जिंकल्यासारखा चहा मागवायचीस.

शेवटी शेवटी तू माझं थोडं मानलंही होतंस. पिकलेल्या केळ्याची भुकटी करायची, म्हणजे डोस मोजता येईल, असं म्हणायला लागली होतीस. "हे तुझ्यामुळे नाही हं," हेही वर.

पण आपलं खरं भांडण डोसचं नव्हतंच. ते जागेचं होतं. मी म्हणायचे, जगात कुठंही कर, जळगावात केळीवर करू नकोस. इथं घराघराची चूल केळीवर पेटते. आणि तू म्हणायचीस, इथं नाही तर कुठं? इथल्या पोरांना केळं कोणी ओळख करून द्यायला लागत नाही. शिवाय केळीला बी नाही, परागकण उडून काही होत नाही. तिच्या बुडाशी फुटलेलं पिलू कोणी उचलून नेल्याशिवाय केळ आपल्या पायानं कुठं जात नाही. मी म्हटलं, "अगं बाई, पण हा सगळा मुलूखच पिलं उचलून नेणाऱ्यांचा आहे!" खरंच की नाही? आमच्या असोद्यात कोणाची बाग चांगली दिसली की पाव्हणा जाताना गाडीला कंद बांधून घेऊनच जातो. मागतही नाही धड.

नाना तर सरळच बोलायचा. तू घरी आलीस, भरीत खाल्लंस, त्याला सगळं समजावून सांगितलंस. त्यानं मुकाट ऐकलं. तू अंगणात हात धुवायला गेलीस तेव्हा मला म्हणाला, "तुह्या मैत्रिनीले सांग, केयीच्या नादी नको लागू. एखांदं पिलू बाहेर गेलं त दिल्लीचा व्यापारी आपला मालच उचलनार नाही." तू ते ऐकलंस. आत येऊन म्हणालीस, "नाना, बाहेर गेलं तर तुम्ही मला पहिलं विचारा." नाना ओशाळला. पण मत बदललं नाही त्यानं.

आणि मग ते खुंट.

कॉलेजच्या नव्या इमारतीचा सत्यनारायण होता. चौरंगाला बांधायला केळीचे चार खुंट हवेत. ऑफिसातल्या कोणीतरी विचार केला, बाजारातून कशाला आणायचे, केळी घरचीच आहे. किल्ली ऑफिसात असायचीच. दोन दारं, पाय बुडवायची टाकी, जाळी, एवढा बंदोबस्त ओलांडून गेले आणि तुझी चार कोवळी रोपं कापून घेऊन आले. आत जाताना चपला काढल्या होत्या, एवढीच काय ती खबरदारी. मी त्या दिवशी तुझ्याकडे आले होते. आपण मांडवात शिरलो तेव्हा पोथी रंगात आली होती, आणि देवाच्या चारी बाजूंना तुझी रोपं उभी. बुंध्याला तुझे निळे टॅग तसेच.

तू पुढं जाऊन हळू आवाजात सांगितलंस, ही रोपं बाहेर ठेवता येणार नाहीत, नेते. कोणी हललं नाही. गुरुजींनी वाचन थांबवलं नाही. मग तू वाकून दोन खुंट सोडलेस, दोन मी सोडले. शिऱ्यातली केळी बाजारातली होती, हे त्याच देवाचे उपकार. आपण ते खुंट छातीशी धरून सगळ्यांसमोरून चालत गेलो, मागच्या खड्ड्यात जाळले, चौरंगाखालची माती खरवडून तीही जाळली.

दोन खुंट मीही उचलले होते. मी असोद्याच्या पाटलांची मुलगी, मला कोणी अवाक्षर बोललं नाही. उलट दोघीतिघी जवळ येऊन म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही कशाला त्यांच्या नादी लागलात?" आणि तुझ्याबद्दल मात्र कॉलेजभर झालं, बाईंना सत्यनारायण चालत नाही. त्यांच्यात नसतो ना. तुझं आडनाव, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो, सगळ्याचा हिशेब लावून झाला. रोपांबद्दल कोणी बोललंच नाही. तू म्हणालीस, "विजू, त्या जागी ईद असती की बुद्धजयंती असती, मी रोप उचललंच असतं. पण हे सांगायचं कोणाला?" कॉलेजनं तुझ्याकडे माफीपत्र मागितलं. तू परवानगी देणाऱ्या दिल्लीच्या कार्यालयाला माफी लिहिलीस, रोपं बंदोबस्ताबाहेर गेली याची. कॉलेजला लिहिली नाहीस. मला तू तेव्हा फार आवडलीस. तुला कधी म्हणाले नाही, कारण तू लगेच म्हणाली असतीस, "मग तंबाखू सोड."

त्याची किंमत तू भरलीस. नवी परवानगी लटकली. माणसं तोडून बोलायला लागली. बाजारात कुजबुज सुरू झाली की कॉलेजच्या केयीत दवाई हाये म्हने, आणि ती कुजबुज नानाच्या तोंडून माझ्यापर्यंत आली. तुझी उमेदीची वर्षं कागद हलवण्यात गेली. तरी तू रोपं जिवंत ठेवलीस, बाटलीतून बाटलीत.

एकदा, कोरोनाच्या लशीच्या दिवसांत, तू धुळ्याला आली होतीस आणि आपण साक्रीकडच्या एका गावात लसीकरण बघायला गेलो होतो. लशीची गाडी वाटेत बंद पडलेली. पेटी आली तेव्हा आतला बर्फ वितळून पाणी झालं होतं. नर्सनं पेटी परत बंद केली. बरोबरच होतं तिचं. पाड्यावरून उतरून आलेली एक बाई तिच्यासमोर उभी राहून म्हणाली, "इतली दूर उनू मी, आते परत जाऊ का?" ती गेली परत. गाडीत तू खिडकीकडे तोंड करून बसलीस. मला वाटलं आता तू केळ्याचं व्याख्यान देणार, केळ्याला बर्फ लागत नाही म्हणून. तू धुळं येईपर्यंत एक शब्द बोलली नाहीस.

आणि तुझा तो एक फोन. परदेशात एका कंपनीनं तंबाखूच्याच भावकीतल्या झाडातून कोरोनाची लस बनवली, तिला तिथल्या सरकारची मान्यताही मिळाली. मी गावभर मिरवले. तुला पेढे पाठवले. पुढं त्या कंपनीच्या मालकांनी तो कारखानाच बंद करून टाकला. ती बातमी तू माझ्याआधी वाचलीस. मी फोन उचलला तेव्हा मनाची तयारी करूनच उचलला, की आता ही मला सोलणार. तू म्हणालीस, "जेवलीस का?" नंतर म्हणालीस, "झाडानं त्याचं काम केलं होतं, विजू." बस. चिडवलं नाहीस. त्या दोन वाक्यांसाठी मी तुझी ऋणी आहे. हेही सांगायचं राहिलंच.

आता तुझ्या केळीचं सांगते.

पहिल्या रोपांत ते प्रथिन पानांतही बनायचं आणि रोपं खुरटायची. म्हणून तू नवी मांडणी केलीस. ती सूचना गप्प झोपून राहील आणि फळ पिकायला लागलं तरच जागी होईल. हुशार होतीस गं. पण त्याचा अर्थ असा की पान तपासून काही कळायचं नाही, हिरवं केळं तपासूनही काही कळायचं नाही. घड भरायला हवा, पिकायला हवा, तेव्हाच समजणार की एवढ्या वर्षांचा खटाटोप फळला की वाया गेला. नव्या मांडणीतली निसवलेली केळ एकच. ती तू दवाखान्यात असताना निसवली.

तुझ्या घरी पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि कॉलेजच्या जैवसुरक्षा समितीनं मला बोलावलं. प्रकल्पावर दुसरं नाव माझं. परवानगी तुझ्या नावावर होती, तिची मुदतही संपत आलेली, आणि ती वाढवून घ्यायचं तुझ्या आजारपणात राहूनच गेलं. मी म्हटलं, जबाबदारी मी घेते, घड भरेपर्यंत थांबा. अध्यक्ष वाईट माणूस नाही. त्यांनी पाणी पुढं केलं. म्हणाले, "मॅडम, तुम्ही घ्यायची म्हटलं तरी नव्यानं दिल्लीला जावं लागेल. तोवर एक जिवंत पान ठेवता येणार नाही. उद्या काही झालं तर या जिल्ह्याला मी काय सांगू?" सुजाता, ते शब्द न् शब्द माझेच होते. मी तुला इतकी वर्षं दुसरं काय सांगत होते?

घरी जायच्या ऐवजी असोद्याला गेले. नानाला सगळं सांगितलं. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "आन इकडे."

"काय?"

"पिलू आन. वावरात एका कोपऱ्याले लाऊन देऊ. इतक्या केयीत कोनाले दिसनार हाये? तिचं तेवढं पाहून घे, मंग खनून टाक."

हा नाना! ज्यानं तुला भरीत खाऊ घालून पाठीमागं नावं ठेवली तो. आणि खोटं कशाला बोलू, मी हो म्हणायच्या बेतात होते. त्या केळीच्या बुडाशी एक तलवारीसारख्या पानांचं पिलू होतंच. गाडीच्या डिकीत सहज मावलं असतं. कोणाला काही कळलं नसतं. पण नानाचं वावर म्हणजे रस्त्याकाठचं. पुढच्या पाव्हण्यानं त्यातलंच पिलू उपटून नेलं तर? मी म्हटलं, "नको, नाना." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू त तिच्याहून कडक निंघाली." मला ते लागलं.

मग मी ते केलं. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. पानं उतरवली, खोड कापलं, पहारीनं कंद खणून काढला, पिलासकट, कारण कंदाचा तुकडा राहिला तर केळ पुन्हा उठते. बाटल्यांतली रोपं काढली. सगळ्याचे तुकडे करून पिशव्यांत भरले आणि ऑटोक्लेव्हमध्ये, त्या कपाटाएवढ्या कुकरमध्ये, वाफ द्यायला लावले. घड शेवटी घेतला. केळी बोटाएवढीच होती, भरली नव्हती. असा घड तोडून ठेवला तरी पिकत नाही, नुसता काळा पडतो. मी तो मांडीवर घेऊन थोडा वेळ खाली बसले. नंतर तोही आत ठेवला.

थोड्या वेळानं वास सुटला. कच्ची केळी उकडल्याचा, अगदी घरच्या स्वयंपाकाचा. जिन्यावरून खाली गेला, वर्गांत गेला. पोरं डोकावून विचारायला लागली, "मॅडम, पार्टी आहे का?" मी त्यांच्यावर ओरडले.

तुझ्या आई त्याच दिवशी भुसावळहून तुझ्या केबिनमधलं सामान न्यायला आल्या होत्या. तुझा स्वेटर मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "काय शिजते व, विजू?"

"सुजाताची केळी, मावशी."

त्यांनी खोल श्वास घेतला. मग विचारलं, "उतरलं होतं का व तिचं औषध त्याच्यात?"

"माहीत नाही. घड भरून पिकला असता तर कळलं असतं."

"मंग भरायच्या आधीच काहून तोडला?"

मी सांगायला लागले. परवानगी, मुदत, समिती, दिल्ली. त्या नीट ऐकत होत्या. माझं सगळं सांगून झाल्यावर "बरं" म्हणाल्या आणि तुझ्या स्वेटरची घडी घालायला लागल्या. एकदा घातलेली घडी मोडून पुन्हा घातली.

सुजाता, मी बरोबर केलं. कोणीही विचारलं तरी हेच सांगीन, आणि तू असतीस तर तूही मला दुसरं काही करू दिलं नसतंस. पण आपलं ते पहिलं भांडण, केळ्यातून लस जमेल की नाही, तुझं खरं की माझं, ते आता कोणालाच मिटवता येणार नाही. त्याचा निकाल त्या घडात होता, आणि तो घड मी माझ्या हातानं उकडला.